वेर्ण्यात गोदामाचं फ्लोअर, स्टील फायबर घालून: भेगा कशा आवरायच्या?

साइटवाला_वेर्णा
नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत 18 बाय 30 मीटरचं गोदाम आहे. फ्लोअर 150 मिमी, एम30 (28 दिवसांनी 30 मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट), खाली चिऱ्याच्या मातीची भरणी, रोलर मारून झालाय. वर फोर्कलिफ्ट फिरणार. सळीच्या जाळीऐवजी स्टील फायबर, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे स्टीलच्या तारेचे बारीक तुकडे, घालायचं ठरतंय. सप्लायर सांगतो, घनमीटरला 20 किलो पुरे, भेग येणारच नाही, जॉइंटही (भेग ठरलेल्या रेषेत यावी म्हणून कटरने पाडायच्या खाचा) कापू नका. पात्रांवला (मालकाला) ते पटलंय, मला धास्ती वाटते. गेल्या वर्षी कुंडईला असंच काम केलं होतं. 28 दिवसांचे चाचणीचे क्यूब 38 मेगापास्कलला फुटले, सगळे खूश. दोन महिन्यांत शटरच्या दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, एटीएम कार्डाची कड आत शिरेल एवढी. फायबर कमी पडलं की आमचं काही चुकलं?

चिरेबंदी
दादा, क्यूबवरून फायबर जोखू नका. या डोसला दाबाची ताकद फारशी हलत नाही. फायबरचं खरं काम भेग पडल्यावर सुरू होतं: दोन्ही कडा धरून ठेवायच्या, भेग रुंदावू द्यायची नाही. सप्लायरकडे बीम टेस्टचा रिपोर्ट मागा. ईएन 14651 या युरोपियन मानकाप्रमाणे 150 मिमीच्या बीमला खाच पाडून वाकवतात आणि भेग 0.5 आणि 2.5 मिमी उघडल्यावर किती ताकद उरली ते मोजतात. तुमच्याच फायबरचा, तुमच्याच डोसचा रिपोर्ट हवा. तो नसेल तर 20 किलो हा आकडा आला कुठून?

काँक्रीट सुकताना होणारं आकुंचन फायबरने थांबत नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात ते 0.0003 धरतात, म्हणजे मीटरला 0.3 मिमी. तुमच्या 30 मीटरला 9 मिमी झालं! जॉइंट नसेल तर हे 9 मिमी कोपऱ्यात, खांबापाशी, मिळेल तिथे फुटणार. 18 चे चार आणि 30 चे सात भाग पाडा. पॅनेल जवळजवळ चौकोनी येतं आणि एका जॉइंटच्या वाट्याला जेमतेम 1.3 मिमी राहतं. बिनजॉइंटची फ्लोअर होतात, पण त्याला डोस बराच जास्त लागतो आणि डिझाइनही वेगळं असतं.

मडगावची_लॅबवाली
मला एकच विचारायचंय. कुंडईला मिक्सर गाडीच्या ड्रममध्ये पाणी कोणी सोडलं होतं का?

साइटवाला_वेर्णा
हो. फायबर टाकल्यावर माल एकदम घट्ट दिसला. ड्रायव्हरने पाइप लावला, मी समोरच होतो. सहा घनमीटरच्या ड्रमला साठेक लिटर गेलं असेल.

मडगावची_लॅबवाली
मग भेगेचं मूळ तिथेच आहे. साठ लिटर म्हणजे घनमीटरला दहा. 360 किलो सिमेंट आणि 162 लिटर पाणी धरलं तर पाणी-सिमेंटचं 0.45 चं प्रमाण 0.48 वर गेलं. ताकद उतरली आणि सुकताना आकुंचन वाढलं. फायबरने स्लम्प (ओल्या मालाचा सैलपणा) पडतोच, म्हणून प्लांटवरच स्लम्प वाढवून घ्या आणि साइटवर लागलं तर फक्त सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन). फायबर शेवटी, ड्रम जोरात फिरत असताना, थोडंथोडं सोडा. अख्खी गोण एकदम ओतली की गोळे होतात आणि ते गोळे घमेल्यातून वेचत बसावं लागतं. मी वेचलेत.

खाली पॉलिथिन अंथरा. चिऱ्याची माती खरखरीत असते, काँक्रीट आखडताना खालून अडतं. शटरच्या कोपऱ्यात दोन-तीन 12 मिमीच्या सळ्या तिरक्या टाका, तिथे फायबर एकटं पुरत नाही.

वारा_पठारावरचा
वेर्ण्याच्या पठारावर दुपारचा वारा विसरू नका. शेड उघडी असेल तर दोन्ही बाजूंना ताडपत्री. पहिल्या चार तासांतल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा स्टीलने आवरत नाहीत, त्याला पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू, घनमीटरला 900 ग्रॅम, सोबत घाला. क्युरिंग ओल्या गोणपाटाने निदान दहा दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर सातावर थांबू नका.

साइटवाला_वेर्णा
मनापासून आभार. पात्रांवला 9 मिमीचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, जॉइंट कबूल झाले. सकाळी सातला ओतलं तर कटर कधी चालवू? आणि वर डोकावणारे फायबर गंजतील का?

चिरेबंदी
त्याच संध्याकाळी. कड तुटत नाही एवढं घट्ट झालं की लगेच, सहा ते बारा तासांत, 40 ते 50 मिमी खोल. कटरवाल्याला दुपारीच बोलावून ठेवा, सकाळवर ढकललंत तर भेग आधी येईल. डोकावलेल्या टोकांना तांबूस ठिपके येतील, पण गंज आत शिरत नाही. ते नको असतील तर फ्लोटर फिरवताना वरून हार्डनर पावडर मारा, टोकं झाकली जातात.