गार्देलला सिनेमानं मोठं केलं?

तबकडी:
काल इथे कुणी लिहिलंय, "अर्जेंटिनाचा टँगो गायक कार्लोस गार्देल म्हणजे पॅरामाउंट या अमेरिकी चित्रपट कंपनीनं उभा केलेला नट. 1935 ला कोलंबियातल्या मेदेयिनच्या धावपट्टीवर विमान अपघातात गेला म्हणून नाव उरलं. सुरुवातीच्या रेकॉर्डींत आवाज चिरकाच आहे." यातलं एकही वाक्य खोडल्याशिवाय सोडवत नाही.

1917 मध्ये त्यानं 'मि नोचे त्रिस्ते' रेकॉर्ड केलं. चाल सामुएल कास्त्रिओताची, नुसती वाजवायची. शब्द पास्कुआल कोंतुर्सीनं मागाहून बसवले. तोवर टँगो मुख्यतः नाचायचा, आणि गायला तर फुशारकीचा. इथं बाई सोडून गेलीय, गिटार कपाटात गप्प पडलीय. टँगो बसून ऐकायची चीज झाली ती इथून. त्याचे बोलपट 1930 पासूनचे. मधली तेरा वर्षं, 1928 चे पॅरिसमधले कार्यक्रम धरून, सिनेमाच्या आधाराशिवाय गेली.

आणि चिरका? तुम्ही रेकॉर्ड जास्त वेगानं पळवून ऐकलीय.

पडदा:
मीच लिहिलंय ते. ब्युनोस आयर्सबाहेरचं बोला. शेवटच्या दौऱ्यात पोर्तो रिको, व्हेनेझुएला, कोलंबियात लोक लोटले ते पडद्यावरचा माणूस बघायला. गीतकार आल्फ्रेदो ले पेरानं त्या चित्रपटांच्या गाण्यांतून लुन्फार्दो, म्हणजे ब्युनोस आयर्सची गल्लीबोळांतली बोली, जवळजवळ काढूनच टाकली, सगळ्या स्पॅनिश मुलखाला कळावं म्हणून. आणि पळवून कसली? मिनिटाला 78 फेऱ्यांची रेकॉर्ड 78 वरच लावली!

तबकडी:
ले पेराचं खरं आहे, ते नाकारत नाही. पण मायक्रोफोनच्या आधी, भोंग्यात गाऊन रेकॉर्ड करायच्या काळात 78 हा आकडा काटेकोर पाळलाच जात नव्हता. साडेचार फेऱ्या चुकल्या की जवळजवळ अख्खी पट्टी सरकते; काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. गिटारची मोकळी खर्जाची तार धरा. दाबलेला सूर लवकर मिटतो, मोकळी तार घुमत राहते. ती 'मि' या तिच्या पाश्चात्त्य सुराऐवजी एक पट्टी वरच्या 'फा'ला लागली, तर फेऱ्या कमी करा.

खुंटी:
हा पुरावा कच्चा आहे. गायकाच्या गळ्यासाठी तारा चढवल्या, उतरवल्या, कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावला, की तुमचा 'मि' गेला. शिवाय ती तार 82 हर्ट्झची, भोंगा पकडतो साधारण 250 ते 2500. मूळ सूर उमटतच नाही, वरचे स्वरांश तेवढे ऐकू येतात. आपल्या जुन्या नाट्यपदांना निदान पेटी असते. तिच्या पट्ट्या हलत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधोमध लागली की वेग चुकलाय हे कळतं. तरी लोक डोळे झाकून 78 वर उतरवून अपलोड करतात. संताप येतो!

तबकडी:
कॅपोचं मान्य करावं लागेल. मग 1930 ला हेच गाणं त्यानं मायक्रोफोनवर पुन्हा गायलंय, दोन्ही शेजारी लावून आवाजातला कंप मोजा. पळवलेल्या रेकॉर्डीत कंपही घाईचा होतो.

खुंटी:
तेरा वर्षांत गळा बदलतो, लयही. तेवढ्यावर आकडा ठरत नाही. पडदा, आधी कुठल्या पिननं वाजवली ते सांगा. एलपीची, म्हणजे नंतरच्या 33 फेऱ्यांच्या रेकॉर्डीची, 1 थाउची (इंचाच्या हजाराव्या भागाची) पिन खाचेच्या तळाशी जाऊन घाण उकरते. इथे 3 थाउची हवी. एलपीचं इक्वलायझेशनही (खर्ज वाढवून वरचे सूर कमी करणारी जुळणी) बंद करा, भोंग्याच्या रेकॉर्डीला ते लागू नाही.

पडदा:
एलपीचीच होती. पिन बदलून, वेग थोडा उतरवून ऐकलं. चिरका हा शब्द मागे घेतो. व्यंजनाआधीचा 'न' तो 'र'कडे झुकवतो, तोही आता स्वच्छ ऐकू येतो. सिनेमाचं मात्र सोडत नाही.