रि: मार्चची सहल – नाराच्या आधी ओबामा

नमस्कार मंडळी,
यंदा मार्चमधे जपानातल्या नाराला जायचं जवळपास ठरतंय, तिथल्या निगात्सुदो या बौद्ध देवळाच्या गच्चीवरच्या त्या मोठ्या मशाली आणि ओमिझुतोरी, म्हणजे विहिरीतून पवित्र पाणी उपसण्याचा विधी, बघायला. 12 मार्चला तिथे फार गर्दी असते म्हणे. मुलं, ज्येष्ठ मंडळी सगळी बरोबर आहेत, तर कोणी जाऊन आलं असेल तर जरा सांगा ना.
– मुलांच्या वर्गाची ताई

---

ताई,
नाराला जरूर जा पण माझं ऐकाल तर आधी 2 मार्चला ओबामाला जा. फुकुई प्रांतात समुद्राकाठचं छोटं शहर आहे, लोकसंख्या 30 हजारांच्याही आत. बराक ओबामांच्या निवडणुकीमुळे 2008 मधे नाव एकदम गाजलं, पण त्याची खरी ओळख म्हणजे नाराला ते जे पाणी उपसतात ना, ते इथून पाठवलेलं असतं.

गोष्ट अशी सांगतात की निगात्सुदोचा हा विधी 752 मधे जित्चू नावाच्या भिक्षूने सुरू केला तेव्हा त्याने देशभरातल्या देवांना बोलावलं, सगळे आले पण ओबामाकडचे ओन्यू म्योजिन नावाचे देव नदीत मासे धरण्यात रमले आणि उशिरा पोचले, मग भरपाई म्हणून म्हणाले की आमच्याकडचं पाणी तुमच्या पूजेला देतो, आणि निगात्सुदोजवळचा खडक फोडून एक काळा आणि एक पांढरा पाणकावळा बाहेर आला आणि मागोमाग पाणी उसळलं. तिथे झालेल्या विहिरीला अजून ‘वाकासाची विहीर’च म्हणतात, वाकासा म्हणजे ओबामाच्या भागाचं जुनं नाव. पाणी जमिनीखालून दहा दिवसांत नाराला पोचतं अशी श्रद्धा आहे, म्हणून इकडे 2 तारीख आणि तिकडे 12.

ओबामाचा सोहळा जिंगूजी देवळात असतो. देऊळ बौद्ध, पण गाभाऱ्यापुढे शिंतो (जपानचा मूळ धर्म) पद्धतीचा गवताचा जाड दोर बांधलेला. 1868 नंतर सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करायला लावले, तरी इथे दोघं एकत्रच राहिले आणि मला त्या देवळाचं हेच सगळ्यात आवडतं. अंधार पडला की अंगणात मोठा अग्नी पेटतो, त्याला गोमा म्हणतात, म्हणजे आपला होमच! शब्दसुद्धा तोच, चीनमार्गे आलेला. शंख फुंकतात आणि मग त्या अग्नीवर पेटवलेल्या मशाली हातात घेऊन सगळे नदीकाठाने दोनेक किलोमीटर उनोसे या नदीकाठच्या जागेपर्यंत चालत जातात, आपल्यालाही मशाल घेता येते. तिथे पांढऱ्या वेषातला पुजारी बांबूच्या नळीतून पाणी नदीत सोडतो. बस्स, एवढंच. मला तिथे उभं असताना काशीची गंगा रामेश्वराला नेणाऱ्यांची आठवण झाली, फक्त इथे कावड कोणी उचलत नाही, नदीवर भरवसा ठेवतात.

आणि एक, नाराच्या ज्या तोदाइजीचा निगात्सुदो हा भाग आहे तिथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे 752 मधेच उघडले, म्हणजे बुबुळं रंगवून प्रतिष्ठा केली, ती आपल्या भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. मुलांना हे वर्गात आधी सांगून ठेवा.

ओबामात दिवसा म्योत्सूजी देऊळ बघा. झाडीत लपलेलं, मुख्य मंडप 1258 चा आणि तीन मजली पॅगोडा 1270 चा, दोन्ही राष्ट्रीय ठेवा आहेत.
– नागोयाहून काका

---

काका, वाचून अंगावर काटा आला! तोक्योहून जायचं कसं आणि शाकाहारींचं काय?
– ताई

---

होकुरिकू शिंकानसेन (बुलेट ट्रेन) मार्च 2024 पासून त्सुरुगापर्यंत जाते, तिथून ओबामा लाईनची लोकल साधारण तासाभराची. गाड्या कमी आहेत तेव्हा मुक्काम ओबामालाच करा, रात्री परतायच्या भानगडीत पडू नका. हॉटेल लवकर बघा, त्या दिवशी मिळणं अवघड जातं.

जेवणाचं खरं सांगतो, हे गाव बांगड्याचं. इथला बांगडा मीठ लावून क्योतोला पायी न्यायचे, त्या रस्त्याचं नावच साबा काइदो, म्हणजे बांगड्याचा रस्ता. तेव्हा मासे खाणाऱ्यांची चैन, शाकाहारींनी डबा घ्या, दाशी (माशाचा रस्सा) बहुतेक सगळ्यातच असते. थंडीत मऊ योकान (लाल घेवड्याची गोड जेली) मिळतं, ते मात्र सगळ्यांना चालेल. आणि लाखेच्या चॉपस्टिक्स इथूनच घ्या, शिंपल्याचे आणि अंड्याच्या टरफलाचे तुकडे लाखेखाली बसवून घासतात, मग नक्षी वर येते.

डोंगरात बर्फ असू शकतो, मुलांना बूट चांगले घाला.
– काका