‘ब्राइट स्टार’ला गटाने जाऊया, आणि वाद्यांच्या साथीबद्दल एक विनंती

प्रति: मंडळ सभासद यादी
विषय: ‘ब्राइट स्टार’: गट-तिकिटं

सर्वांना नमस्कार,

आपल्या रॉली-केरी भागातल्या दोन हौशी नाट्यसंस्था मिळून ‘ब्राइट स्टार’ हे संगीत नाटक बसवत आहेत. मी पडद्यामागे मदत करते आहे. प्रयोग पुढच्या महिन्यात आहेत. आपल्या मराठी मंडळातर्फे एकत्र तिकिटं काढावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

स्टीव्ह मार्टिन आणि गायिका एडी ब्रिकेल यांचं हे नाटक. मार्टिन म्हणजे सिनेमातला विनोदी नट, तोच. पण बॅंजोही फार सुरेख वाजवतो. गोष्ट आपल्याच नॉर्थ कॅरोलायनात घडते, काही १९२३ साली आणि काही दुसरं महायुद्ध संपल्यावर. अॅशव्हिलमधली एक करारी संपादिका आणि युद्धावरून परतलेला, लेखक व्हायची आस असलेला एक मुलगा. पुढचं नाटकातच बघा. ब्रॉडवेवर २०१६ साली १०९ प्रयोगांनंतर ते बंद झालं. त्या वर्षी सगळीकडे ‘हॅमिल्टन’ या दुसऱ्या संगीत नाटकाचाच बोलबाला होता. टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पारितोषिकांची पाच नामांकनं मिळाली, पारितोषिक एकही नाही. पण लहान गावांतल्या नाट्यसंस्थांनी नंतर ते उचलून धरलं आणि मला ते अगदी योग्य वाटतं, कारण गाणी मुळात घराच्या ओसरीवर बसून म्हणायच्या जातीची आहेत.

दोन संस्था का? एकीकडे सभागृह, दिवे आणि हाताला चांगले सुतार. दुसरीकडे गाणारे नट. वादक दोघींकडेही नव्हते. ते आले शनिवारी एकत्र जमून ब्लूग्रास, म्हणजे बॅंजो-फिडलवरचं इथलं गावाकडचं संगीत, वाजवणाऱ्या मंडळींतून. आणि या नाटकात वादक लपून बसत नाहीत. ब्रॉडवेवर होतं तसंच इथेही रंगमंचावर चाकांचं एक लाकडी घर आहे, वादक त्यात बसतात आणि नटच ते घर ढकलत फिरवतात.

परवा तालमीत फिडलवालीचा गज घराच्या खांबाला आपटत होता. तिला डावीकडे सरकवलं तर मँडोलिन बासपासून दूर जात होतं, आणि ते चालण्यासारखं नव्हतं. अस्सल ब्लूग्रासमध्ये ढोल-तबला काही नसतं. बास ठोका धरतो, मधल्या ठोक्यावर मँडोलिनची तुटक थाप पडते आणि बाकी सगळे त्या दोघांच्या भरवशावर असतात. शेवटी एका संस्थेच्या सुताराने दुसऱ्या संस्थेने रंगवलेला खांब कापून मागे नेला. कोणी एका शब्दाने कुरकुरलं नाही.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी: मध्यंतराआधी तान्ह्या बाळाच्या बाबतीतला एक फार जड प्रसंग आहे. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असं माझं मत.

उत्तर:

तुझा मेल वाचून फार आनंद झाला. मला दोन खुर्च्या हव्यात, शक्यतो कडेच्या. तुझ्या काकूला पायऱ्या चढवत नाहीत.

दोन नाटक मंडळ्या एकत्र आल्या म्हटल्यावर कोणत्याही मराठी माणसाला ‘संयुक्त मानापमान’ आठवणारच. जुलै १९२१, मुंबई. गंधर्व आणि ललितकलादर्श या एरवी एकमेकींशी चढाओढ असलेल्या कंपन्या, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव गेले. माझ्या आजोबांच्या तोंडी त्या प्रयोगाचं नाव कायम असे. नव्या पिढीला हे कोणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिलं.

उत्तर: (कार्यकारिणी)

नमस्कार ताई, काका,

गट-तिकिटांना समितीची संमती आहे. नावं गुरुवारपर्यंत कळवावीत, पैसे नेहमीच्या पद्धतीने.

याच धाग्यात एक सांगून ठेवतो. दिवाळीच्या नाट्यसंगीत कार्यक्रमाला यंदाही ट्रॅकच, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेली साथ, वापरायचं ठरतं आहे. वादक बाहेरून आणायचे म्हणजे मानधन, राहण्याची सोय, शिवाय ध्वनिव्यवस्थेला वेगळा वेळ. बजेटमध्ये ते बसत नाही.

उत्तर:

दादा, समितीची अडचण मला कळते. तरीही ट्रॅकला माझा ठाम विरोध आहे.

नाट्यपद ट्रॅकवर गायचं म्हणजे गाणाऱ्याचे हातपाय बांधणं. रंगलं म्हणून एक आवर्तन जास्त घेता येत नाही. वन्समोअर आला तर यंत्राला कळत नाही. तान अर्धवट असतानाच ट्रॅक समेवर येऊन मोकळा होतो. गेल्या वर्षी ‘कट्यार’मधलं पद गाणाऱ्या मुलाचा गळा इतका छान होता, पण तो सगळा वेळ पुढची ओळ कधी येते याच धसक्यात होता.

ब्लूग्रासची ही मंडळी मला म्हणून पाहण्यासारखी वाटतात. त्यांची जुनी पद्धत एकाच मायक्रोफोनची. सगळे त्याच्याभोवती अर्धगोल उभे राहतात. ज्याची पाळी तो दोन पावलं पुढे येतो, वाजवून झालं की मागे सरतो आणि पुढच्याला वाट देतो. आवाजाचा तोल पायांनी सांभाळायचा. ध्वनिव्यवस्थेच्या वेगळ्या वेळेची काळजी त्यातही बरीच कमी होते. तालमीत बॅंजोवाले आजोबा अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या चढवून बसतात, तो नुसता आवाज ऐकला तरी सतारीवरच्या द्रुत ‘झाला’ वादनाची आठवण येते: वरची आखूड पाचवी तार सतारीच्या चिकारीच्या तारेसारखी मध्ये मध्ये वाजतच राहते. हे तीन बोटांचं वादन घराघरांत पोचवणारे अर्ल स्क्रग्ज आपल्याच राज्यातले, शेल्बीजवळच्या फ्लिंट हिलचे. शेल्बीत त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. शार्लटच्या पुढे पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी जरूर थांबावं.

खर्चाचं म्हणाल, तर बाहेरून कोणी आणायला नको. आपल्याकडे तबला वाजवणारे आहेत, शार्लटच्या मंडळात हार्मोनियमवाले. त्यांचा कार्यक्रमही त्याच सुमारास असतो. दोन मंडळांनी मिळून एकच कार्यक्रम बसवायचा, एक प्रयोग इथे, एक तिथे; तालमी रविवारी, अर्ध्या वाटेवर ग्रीन्सबरोला कोणाच्या तरी घरी. पदं कमी ठेवू. आठ चालतील, पण साथीसकट.

काका, ‘मानापमान’मधलं एक पद तुम्ही निवडून द्याल का? आणि प्रयोगाआधी त्या १९२१च्या रात्रीबद्दल दहा मिनिटं तुम्हीच बोलावं.

दादा, समितीच्या पुढच्या बैठकीत मला वेळ द्या. शार्लटच्या सांस्कृतिक सचिवांना मी आज रात्री फोन करते आहे.

उत्तर:

‘नाही मी बोलत नाथा’ ठेवा. भामिनीचं आहे, मुलींपैकी कोणी गावं. बोलायला मी तयार आहे.