दुर्धर आजारी मुलांच्या वेदनाशमनासाठी सोलापूर जिल्ह्यात राखीव तरतूद असावी का?

भुईकोट (धागाकर्ती)

माझ्या बहिणीची मुलगी सात वर्षांची असताना तिच्या मांडीच्या हाडात कर्करोगाची गाठ निघाली. मुंबईत वर्षभर उपचार झाले, त्यानंतरचे आठ महिने बरे गेले आणि मग रोग फुप्फुसात उतरला. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला अंधारात ठेवले नाही. गाठ आता औषधाने हटणार नाही, वेदना मात्र हटवता येतील, असे त्यांनी नीट समजावून सांगितले आणि मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. सिद्धेश्वर एक्सप्रेसने आम्ही सकाळी सोलापुरात उतरलो आणि पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या, तेव्हा त्या चिठ्ठीला इथे काहीच मोल नाही हे कळले. औषध दुकानदारांनी चिठ्ठी पाहून हात जोडले. एका रुग्णालयात उत्तर मिळाले, "ते काम पाहणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली." पुढचे साडेतीन महिने माझे मेहुणे दर पंधरवड्याला हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन रात्री गोळ्या घेऊन परत येत. एकदा गोळ्या दोन दिवस आधीच संपल्या. त्या दोन रात्रींबद्दल मी इथे लिहिणार नाही.

"बदली झाली" या दोन शब्दांमागचे कारण मला बरेच नंतर समजले. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा तस्करी रोखण्यासाठी आला, पण त्याच्या धाकाने रुग्णालयांतले मॉर्फिनही आटले. २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि वेगवेगळ्या चार-पाच परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी ठरली. या मान्यतेसाठी संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो, आणि ही अट रास्तच आहे. परंतु जिथे असा डॉक्टर एकुलता एक असतो, तिथे त्याच्या बदलीबरोबर औषधाच्या कपाटाची किल्लीही गावाला जाते.

महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुर्धर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपशामक शुश्रूषेचे, धोरण २०१२ मध्येच आखले आहे, तेव्हा नवे धोरण मागण्याचे कारण नाही. माझी मागणी एवढीच आहे की जिल्हा वार्षिक योजनेत या सेवेसाठी स्वतंत्र, दुसरीकडे वळवता न येणारी तरतूद असावी. तिच्यातून निदान दोन डॉक्टर व एक औषधनिर्माता प्रशिक्षित व्हावेत आणि मुलांच्या घरी जाणाऱ्या दोन परिचारिका व एक वाहन कायम राहावे. मोठी इमारत मला नको आहे. लसीची शीतपेटी जर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पोहोचू शकते, तर वेदनेवरची गोळी का पोहोचू नये, हा माझा प्रश्न आहे.

जमाखर्च

ताई, आपल्या कुटुंबावर जे गुदरले ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तरीही मी आपल्या मागणीच्या विरोधात आहे, आणि त्याची कारणे मांडणे मला आवश्यक वाटते.

मी बत्तीस वर्षे सरकारी हिशेबात काढली. राखीव लेखाशीर्षाचे, म्हणजे एकाच कामासाठी वेगळ्या काढलेल्या निधीच्या खात्याचे, पुढे काय होते, हे मी दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहिले आहे. माणसे नेमायला पदमंजुरी लागते आणि ती वेळेवर येत नाही. वस्तू घ्यायला निविदा पुरते, म्हणून ३१ मार्चच्या आत वस्तू घेतल्या जातात. उद्या आपल्या तरतुदीतून वीस पलंग आणि एक वातानुकूलन यंत्र येईल, त्यांची छायाचित्रे निघतील, आणि गोळी पुन्हा पुण्यालाच राहील. ज्या तरतुदीतून खर्च सोपा आणि सेवा अवघड असते, ती तरतूद सेवेचे रक्षण करत नाही, उलट सेवा नसल्याचे झाकण बनते.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. जिल्ह्यात अपुऱ्या दिवसांची बाळे जन्मतात आणि त्यांच्यासाठी उबदार खाट वेळेवर मोकळी मिळत नाही. तोच रुपया तिथे एका बाळाचे पुढचे सत्तर वर्षांचे आयुष्य वाचवू शकतो. जे वाचणार आहे त्याच्या आधी जे वाचणार नाही त्यावर खर्च करावा, असे आपण जिल्हा योजना ठरवणाऱ्या नियोजन समितीला कोणत्या तोंडाने सांगणार?

चंद्रभागा

मी पंढरपूरचा आहे. जमाखर्च साहेबांचा विरोध पैशापोटी आहे, माझा त्याहून वेगळा आहे.

माझ्या नातवाला पाचव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. पहिल्या ठिकाणी आम्हाला सांगितले गेले की खर्च फार आहे, भरवसा कमी आहे, घरी न्या आणि सेवा करा. मुलांच्या या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात पूर्ण उपचार मिळाले तर बहुसंख्य मुले बरी होतात, हे आम्हाला दुसरीकडे गेल्यावर कळले. आज तो दहावीत आहे आणि माझ्यापेक्षा जोरात धावतो. त्या पहिल्या दिवशी गोड बोलणारी परिचारिका गोळ्यांची पुडी घेऊन आमच्या दारात आली असती, तर आम्ही कदाचित तिचेच ऐकले असते, कारण आम्ही थकलेलो होतो आणि हातात पैसा नव्हता.

श्रीमंताच्या मुलाला उपचार आणि गरिबाच्या मुलाला शांत मरण, अशी वाटणी या सेवेच्या नावाने होणार नाही याची हमी कोण देणार? शेवटाची व्यवस्था घराजवळ झाली की उपचारासाठी मुंबईला धाडण्याची निकड आपोआप कमी होते. आमच्याकडे म्हणतात, आजारी माणसासमोर सरणाची लाकडे मोजू नयेत.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि माझी बरीच नोकरी बार्शी भागात झाली. आजोबा, आपल्या नातवाला जिथे घरी न्या म्हणाले, तिथे चूक झाली यात शंका नाही. परंतु ती चूक निदानाची आणि सल्ल्याची होती, शुश्रूषेची नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मुलांच्या उपशामक शुश्रूषेची जी व्याख्या केली, तिच्यात ही शुश्रूषा निदानाच्या दिवशीच सुरू होते आणि रोगावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालूच राहते, असे स्पष्ट म्हटले आहे. केमोथेरपीने तोंडभर फोड आलेल्या मुलाला पाणीही गिळवत नाही. अशा मुलाला वेदनाशामक देऊन जेवते केले, तर ते पुढचा डोस सहन करते. आपल्या नातवालाही त्या काळात कुणीतरी उलटी थांबवण्याचे औषध दिले असेल, त्याच्या आईला बाजूला बसवून धीर दिला असेल. त्याला हे नाव कुणी दिले नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट, इथे सगळे कर्करोगाविषयी बोलत आहेत. मुलांच्या बाबतीत हे चित्र अपुरे आहे. ड्युशेनचा स्नायुक्षय झालेला मुलगा साधारण दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत चालणे गमावतो आणि त्यानंतरही बरीच वर्षे जगतो. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या, मुलीला झटके येतात, घास श्वासनलिकेत जातो, पाठीला जखमा होतात. ही मुले काही महिन्यांची पाहुणी नाहीत. त्यांच्या आयांना रात्री कुस कशी बदलावी आणि घास किती पातळ करावा, हे दाखवणारे माणूस हवे असते. जमाखर्च साहेब, या मुलांना आपण "जे वाचणार नाही" या रकान्यात कसे टाकले? शिवाय ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आपण खाट मागता, त्यांतलीच काही पुढे माझ्याकडे या अवस्थेत येतात.

एक अनुभव सांगते. सोलापूरच्या एका वॉर्डात एक मूल रात्रभर "नोप्पी, नोप्पी" म्हणत होते आणि नव्या परिचारिकेने ते त्याच्या बहिणीचे नाव समजून आईला विचारले. नोप्पी म्हणजे तेलुगूत दुखणे. अक्कलकोटकडचे मूल त्यालाच नोवु म्हणते. मुले दुखणे अंकात सांगत नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात तर तीन भाषांत सांगतात. हे प्रशिक्षण पलंग विकत घेऊन मिळत नाही, हे मात्र साहेबांचे मला पटते.

काउंटरपलीकडून

औषध दुकानदारांनी हात जोडले, असे धागाकर्तीने लिहिले आहे, म्हणून दुकानदाराची बाजू मांडतो. मॉर्फिन ठेवायला साध्या परवान्याखेरीज वेगळी परवानगी लागते, प्रत्येक गोळीची नोंद ठेवावी लागते, आणि वर्षात तीन चिठ्ठ्या येणार असतील तर कुणी त्या भानगडीत पडत नाही. गोळी स्वस्त असल्याने तीत फारसे सुटतही नाही. गंमत पाहा, आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची सरकारी परवान्याने शेती होते, तिच्यापासून औषध तयार करणारा सरकारी कारखाना गाझीपूरला आहे, आणि सात वर्षांच्या मुलीसाठी बाप पुण्याला जातो.

तरीही ही गोळी प्रत्येक दुकानात मिळावी, या मताचा मी नाही. गैरवापराची भीती सगळीच खोटी नसते. जिल्ह्यात तीन-चार मान्यताप्राप्त संस्था असाव्यात आणि त्यांच्याकडे साठा अखंड राहावा, एवढे झाले तरी पुरे.

पूर्वभाग

भुईकोट ताईंना इमारत नको आहे, मला ती हवी आहे. घरी शुश्रूषा हे बोलायला चांगले वाटते, पण घर कसे आहे ते आधी पाहावे. आमच्या भागात एका खोलीत सात माणसे राहतात, कोपऱ्यात विडीचे पान भिजत असते, हवेत तंबाखूची भुकटी असते आणि त्याच हवेत श्वासाचा आजार असलेले मूल झोपते. आईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. ती मुलाजवळ बसली की त्या दिवशीची मजुरी बुडते. अशा आईला महिन्यातून चार दिवस मूल सुरक्षित ठेवण्याची जागा मिळाली, तर ती उरलेले सव्वीस दिवस उभी राहू शकेल.

मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे अशा रुग्णांचे शुश्रूषागृह १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे उपशामक शुश्रूषेचे केंद्र १९९७ पासून आहे. ही सगळी सोय पुण्याच्या अलीकडे का येत नाही? फार मोठे काही नको, सहा खाटा चालतील.

भुईकोट

पूर्वभाग यांचे म्हणणे वाचून मी माझे वाक्य मागे घेते. माझ्या बहिणीचे घर तीन खोल्यांचे होते, म्हणून मला इमारत अनावश्यक वाटली, हे मला लिहितानाही उमगले नव्हते.

जमाखर्च साहेबांच्या पहिल्या आक्षेपाला माझ्याकडे केरळचे उत्तर आहे. तिथे २००८ मध्ये धोरण झाले आणि पंचायतींनी आपल्या योजना निधीतून परिचारिका नेमून घरोघरी सेवा सुरू केली. म्हणजे राखीव पैशातून केवळ पलंगच येतात असे नाही. दुसऱ्या आक्षेपाबद्दल मात्र मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. बाळाची उबदार खाट आणि माझ्या भाचीची गोळी यांना एकमेकींसमोर तराजूत कुणी ठेवले? त्याच जिल्हा योजनेतून रस्ते होतात, सभामंडप होतात, चौकांचे सुशोभीकरण होते. त्या कामांना कुणी बाळाच्या खाटेचा हिशेब विचारत नाही. दुबळ्यांनीच एकमेकांच्या ताटातले मोजावे, ही रीत मला मान्य नाही.

जमाखर्च

आपला राग योग्य आहे. तराजू मी चुकीचा लावला, आणि रात्रपाळी ताईंनी रकान्याबद्दल विचारले त्याचेही उत्तर माझ्याकडे नाही. पण केरळचा दाखला आपण अर्धाच दिला आहे. कालिकतमध्ये हे काम १९९३ मध्ये सुरू झाले, आधी काही डॉक्टर आणि मग गल्लीगल्लीतले स्वयंसेवक पुढे आले, आणि धोरण त्यानंतर पंधरा वर्षांनी आले. पैसा तिथे चालत्या कामामागे गेला. आपण कामाच्या आधी लेखाशीर्ष मागत आहोत, हा माझा आक्षेप अजूनही शिल्लक आहे.

म्हणून एक वेगळी वाट सुचवतो. ग्रामपंचायतीला व महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्नायुक्षय, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया आणि सिकलसेल येतात. रात्रपाळी ताई सांगतात त्यांतली पुष्कळ मुले त्यामुळे आजच्या नियमांत बसतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, कफ ओढण्याचे यंत्र, चाकाची खुर्ची या गोष्टींसाठी नवी तरतूद मागण्याची गरज नाही. अर्ज, दिव्यांग प्रमाणपत्र आणि ग्रामसभेचा ठराव असला की पुरेसे आहे. अर्जाचा नमुना मी तयार करून देईन. कर्करोगाची मुले यात बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आणि गोळीसाठी नियोजन समितीकडे जावेच लागेल, पण तिथे निधी मागू नका, पदे मागा. "दोन प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी, आणि एकाची बदली झाल्यास दुसरा रुजू होईपर्यंत कार्यमुक्ती नाही," असे वाक्य निवेदनात घाला. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि आपली खरी अडचण त्याच वाक्यात आहे.

रात्रपाळी

"कार्यमुक्ती नाही" हे वाक्य बंधनकारक केले, तर प्रशिक्षणाला कुणी डॉक्टर नावच देणार नाही, साहेब. जो शिकेल तो अडकेल, असा त्याचा अर्थ लावला जाईल. त्यापेक्षा दोनाऐवजी चार डॉक्टर शिकवा.

भुईकोट

निवेदनाचा मसुदा मी बदलला आहे. पहिल्या कलमात चार वैद्यकीय अधिकारी व एक औषधनिर्माता यांचे प्रशिक्षण, दुसऱ्यात मॉर्फिनचा किमान तीन महिन्यांचा साठा, तिसऱ्यात मराठी, तेलुगू व कन्नड येणाऱ्या परिचारिकांचे गृहभेट पथक आणि चौथ्यात सहा खाटा आहेत. राखीव तरतुदीची मागणी मी काढलेली नाही, मात्र ती वेतन व प्रशिक्षणापुरतीच ठेवली असून वस्तुखरेदीला मनाई केली आहे.

चंद्रभागा

पाचवे कलम घाला. कोणत्याही मुलाच्या रोगावरचे उपचार थांबवण्याचा सल्ला देण्यापूर्वी मुलांच्या कर्करोगाच्या किंवा त्या त्या आजाराच्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लेखी घ्यावे, आणि ते पालकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे. पैसे नाहीत हे कारण त्या कागदावर असता कामा नये. हे कलम घातले तर माझी सही धरा. तिसऱ्या कलमातील पथकाबद्दल माझे मन अजून पूर्ण वळलेले नाही, तेवढी नोंद सहीखाली राहू द्या.