खार्दुंग ला सायकलने चढायचा आहे: बर्फाच्या रस्त्याची तयारी कशी करावी?

मेळघाटचा सायकलस्वार (प्रश्न):
मी परतवाड्याजवळच्या खेड्यात राहतो आणि गेली चार वर्षे जवळजवळ दर रविवारी सायकलने चिखलदऱ्याचा घाट चढतो. येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, आम्ही दोघे मित्र लडाखमधील लेहहून खार्दुंग ला ही खिंड चढण्याचा विचार करीत आहोत. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, खिंड ५,३५९ मीटरवर आणि अंतर अंदाजे ३९ किलोमीटर; म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आतच येतो, त्यामुळे पायांची मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती बर्फाची, कारण आजवर बर्फ पाहिला तो रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला. माझ्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. ते चालतील काय, आणि कपडे कोणते न्यावेत?

यवतमाळकर:
मी हा रस्ता चढलो आहे आणि सर्वप्रथम हेच सांगतो की तेथे चढण्यापेक्षा उतरणे कठीण असते. दुपारच्या उन्हात कडेचा बर्फ वितळतो, ते पाणी रस्त्यावर पसरते आणि रात्री गोठून काचेसारखा पातळ थर होतो. पहाटे तो डांबरासारखाच काळा दिसतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळी सवयीने अंधारात निघू नका. वरच्या टप्प्यावर ऊन पडल्यानंतर पोहोचाल असा हिशेब ठेवा. अशा थरावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलेच. सायकल सरळ ठेवावी, पायडल मारणे थांबवावे आणि आपोआप वेग उतरू द्यावा. मागून ट्रक आला तर थांबताना दरीची बाजू टाळून डोंगराची बाजू धरावी.

माझी चूक कपड्यांची झाली. चढताना सुती बनियन घामाने चिंब भिजले आणि खिंडीत दहा मिनिटे थांबताच ते पाठीला ओल्या गोणपाटासारखे चिकटले. उतारावर बोटे इतकी बधिर झाली की ब्रेकची मूठ बोटांऐवजी तळहाताने ओढावी लागली. कापसाच्या मुलखातून जात असलात तरी अंगाला कापूस लावू नका. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे घ्या, आणि मोज्यांचा व हातमोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

वैद्यकीय व्यवसाय, वर्धा जिल्हा:
पायांची चिंता नाही, हे वाक्य मला खटकले. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, आणि चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर असल्याने तेथील सरावाने विरळ हवेची सवय होत नाही. विमानाने गेलात तर लेहला निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या आणि त्यानंतरही काही दिवस जवळपासचे छोटे चढच करा. डोकेदुखी व मळमळ सुरू झाली तर वर जाऊ नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच क्षणी खाली उतरावे. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

दुसरी गोष्ट आपल्या भागापुरती अधिक महत्त्वाची आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि केवळ वाहक असलेल्या, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेल्या, एरवी ठणठणीत माणसालाही अतिउंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा बंद पडून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होऊ शकतात. वाहकाला बहुधा स्वतःला ठाऊकच नसते. तेव्हा सायकलच्या टायरआधी रक्ताची तपासणी दोघांनीही करून घ्यावी.

सायकल दुरुस्ती, अचलपूर:
रिमचे ब्रेक चालतील, पण रिम ओली झाली की पकड येण्यास वेळ लागतो. म्हणून उतारावर अधूनमधून ब्रेक हलकेच लावून पाणी पुसत राहावे. केबलच्या नळीत शिरलेले पाणी गोठले तर गिअर हलत नाहीत, यासाठी केबल व नळ्या नवीन टाका. आपल्याकडे अनेक जण साखळीला ट्रॅक्टरचे जाड ग्रीस फासतात. ते थंडीत घट्ट होते, तेव्हा साखळी रॉकेलने धुऊन पातळ तेल लावावे. टायर रुंद व खोबणीदार घ्या आणि बर्फावर हवा थोडी कमी ठेवा. खिळ्यांच्या टायरचा खर्च जूनमध्ये मला अनाठायी वाटतो, कारण बहुतेक रस्ता उघडाच असतो. जेथे गोठलेला थर दिसेल तेथे उतरून सायकल ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही.

मेळघाटचा सायकलस्वार:
आपणा सर्वांचा आभारी आहे. तपासणीचा विचार डोक्यातही आला नव्हता. माझ्या मित्राच्या बहिणीला सिकलसेल आहे, हे डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचताना आठवले. सोमवारी दोघेही रक्त देऊन येतो आणि अहवाल हाती आल्यावरच तिकिटे काढतो. साखळीला ग्रीस फासणाऱ्यांत, भाऊ, मीही आहे.