गोल काढून घेऊन बचाव शिकवता येत नाही

आईस हॉकीत गोल करणाऱ्या पण बचावात कच्च्या असलेल्या तरुण फॉरवर्डबद्दल (आक्रमक खेळाडूबद्दल) कुणीतरी म्हटलंय, “बचाव शिकेपर्यंत त्याला खालच्या लीगमध्येच ठेवा.” हे मत मला नाही पटत, भाऊ. अमेरिकेतल्या डेट्रॉइट संघाच्या स्टीव्ह यझरमनने १९८८-८९ च्या हंगामात ६५ गोल केले होते. १९९३ ला स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून डेट्रॉइटला आले आणि त्याच्याकडून बचावही करून घेऊ लागले. गोल घटले, हे खरंच. पण १९९७ ला लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप आला, २००० ला बचावात सरस फॉरवर्डची सेल्की ट्रॉफीही.

आमच्या जळगावकडे कबड्डीत चढाईपटूला कोपरा धरायला शिकवताना त्याची चढाई बंद करत नाहीत. या पोरालाही सोबत बचाव जाणणारा सेंटर (मधला फॉरवर्ड) द्या. पक (खेळातली रबरी चकती) हातचा गेला की आधी मागे वळायचं, एवढंच आधी पक्कं करून घ्या. पॉवर प्ले (समोरच्यांचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) मात्र त्याच्याकडेच राहू द्या.