बुलेटप्रूफ जॅकेटच्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक की पोलीस तुकडीचा पर्यवेक्षक: प्रत्यक्ष काम काय असतं?

ताणाबाणा (प्रश्न)

वस्त्रतंत्रज्ञानाची पदविका झाली आहे. समोर दोन वाटा आहेत. एक, बुलेटप्रूफ जॅकेट आणि प्लेट बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षकाची जागा. दुसरी गणवेशातली नोकरी, ज्यात काही वर्षांनी तुकडीवर देखरेखीचं काम येतं आणि त्यात जवानांच्या संरक्षक साहित्याची जबाबदारीही असते. जाहिरातींत दोन्हीकडे 'तपासणी', 'नोंदी', 'जबाबदारी' हेच शब्द आहेत. त्यावरून रोज हाताने काय करायचं ते कळत नाही. चुका कुठे होतात, कशामुळे होतात आणि एका कामाचं कसब दुसरीकडे चालतं का, हे जाणकारांनी सांगावं. पगाराची चर्चा नको, कामाचीच हवी आहे.

थरमोज्या

कारखान्याची बाजू सांगतो. जाहिरातीत 'अंतिम तपासणी' असं लिहितात, पण या धंद्यात अंतिम तपासणीच्या हातात फार थोडं असतं. पॅनेल (म्हणजे जॅकेटमधला गोळी अडवणारा कापडाच्या थरांचा गठ्ठा) कव्हरमध्ये सील झालं की आतले थर दिसत नाहीत, आणि गोळी मारून पाहिलेलं पॅनेल कुणाच्या अंगावर चढवता येत नाही. म्हणून निरीक्षकाने उभं राहायची जागा कटिंग टेबल आणि सीलिंग मशीन यांच्या मधली.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे एक थर कमी पडणं. समजा डिझाइनमध्ये २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) अ‍ॅरामिड कापडाचे, म्हणजे केव्हलरसारख्या मजबूत तंतूच्या कापडाचे, २२ थर आहेत आणि पॅनेलचं क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर आहे. एक थर २४ ग्रॅमचा, पूर्ण गठ्ठा ५२८ ग्रॅमचा. गठ्ठा काट्यावर ठेवायचा आणि ५२८ च्या आसपास भरला की पुढे सोडायचा, एवढीच पद्धत असेल तर ती पुरी पडत नाही. कापडाच्या वजनात ५ टक्के फरक चालतो असं धरा. एखादा रोल २१० जीएसएमचा निघाला तर त्याचा एक थर २५.२ ग्रॅमचा होतो. आता असे २१ थर मोजा: ५२९ ग्रॅम. काटा 'बरोबर' म्हणतो आणि आत एक थर नाही.

यावर उपाय असा. रोल उघडला की डाव्या काठाजवळून, मधून आणि उजव्या काठाजवळून जीएसएम कटरने १०० चौरस सेंटिमीटरची एकेक चकती कापायची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तिचं वजन घेऊन १०० ने गुणलं की त्या रोलचा खरा जीएसएम मिळतो. गठ्ठ्याचं अपेक्षित वजन त्या आकड्यावरून काढायचं, डिझाइनच्या कागदावरून नाही. शिवाय गठ्ठ्याची एक कड क्लॅम्पमध्ये धरून बोथट सुईने थर मोजायचे आणि दुसऱ्या माणसाने पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजायचे. एका पॅनेलमध्ये दोन रोलचं कापड आलं असेल तर कोणते थर कोणत्या रोलचे, हे लॉट कार्डावर लिहिलंच पाहिजे.

कटिंगमध्ये पातं लवकर बोथट होतं, कारण अ‍ॅरामिडचे धागे सहज तुटत नाहीत. बोथट पातं कापण्याऐवजी धागा ओढतं. कडेला पिसं निघतात, खाचेचा कोपरा फाटतो आणि थरांचा आकार कमी-जास्त होतो. पातं बोथट दिसलं की बदलू, असं चालत नाही. किती मीटर कापल्यावर बदलायचं हे ठरवून तो आकडा मशीनवर लावून ठेवावा. बारीक तंतू हवेत उडतात, म्हणून टेबलाजवळ धूळ ओढणारी यंत्रणा आणि मास्क हवेतच. रोल उजेडात उघडे ठेवू नयेत. अतिनील किरणांनी अ‍ॅरामिड कमजोर होतं आणि त्याचा सोनेरी रंग तपकिरीकडे झुकतो. वरचे दोन वेढे बाकीच्या रोलपेक्षा गडद दिसले तर ते वेगळे काढून तपासायला पाठवावेत.

मिश्र पॅनेलमध्ये थरांचा क्रमही महत्त्वाचा. बाहेरच्या बाजूला विणलेलं कापड आणि अंगाच्या बाजूला एकदिशा तंतूंचे पत्रे असं डिझाइन असेल आणि गठ्ठा उलटा सील झाला, तर वजन बरोबर, थर बरोबर आणि पॅनेल चुकीचं. म्हणून 'माऱ्याची बाजू' हा शिक्का पहिल्या थरावर कापतानाच पडला पाहिजे.

सीलिंगमध्ये कोपरे बघायचे. वळणावर कव्हरला चुणी पडली की जोड कच्चा राहतो आणि तिथून ओल शिरते. लॉटमधून काही पॅनेल निवडून वजन करा, ३० मिनिटं पाण्यात बुडवा, बाहेरून पूर्ण पुसा आणि पुन्हा वजन करा. वजन वाढलं तर कव्हर गळतंय. विणलेलं अ‍ॅरामिड ओलं झालं की धागे एकमेकांवरून घसरतात आणि गोळीला वाट मिळते.

पॉलिथिलीनच्या प्लेटचा विषय वेगळा आहे. तिथे सगळा खेळ प्रेसचा. या तंतूचा वितळणबिंदू १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर असतो, त्यामुळे दाबाचं तापमान त्याच्या बरंच खाली ठेवावं लागतं आणि प्लेट दाबाखालीच थंड करावी लागते. उत्पादन वाढवायच्या घाईत प्रेस लवकर उघडला की थर सुटतात किंवा प्लेट वाकते. निरीक्षकाने प्लेटच्या आधी प्रेसचा तापमान-दाब आलेख बघावा.

हजेरीवही

वरचं सगळं नीट झालं तरी जॅकेट अंगावर चुकीचं बसलं तर उपयोग नाही. पर्यवेक्षकाचं काम तिथून सुरू होतं.

हजेरीच्या वेळी नुसतं 'जॅकेट घातलंय' एवढं बघून पुढे जाऊ नका. माणसाला खुर्चीत बसवा. उभं असताना नीट दिसणारं जॅकेट बसल्यावर पट्ट्याला टेकतं, वर सरकतं आणि गळ्याला लागतं. मग माणूस ते सैल करतो किंवा गाडीत काढून ठेवतो. पुढच्या पॅनेलची खालची कड आणि पट्टा यांच्यात दोन-तीन बोटांची जागा हवी. बाजूंना पुढचं पॅनेल मागच्यावर सुमारे ५ सेंटिमीटर चढलेलं असावं. बाजूला फट दिसली तर तो आकार त्या माणसाचा नाही. वजन बरंच वाढलं किंवा उतरलं की माप पुन्हा घ्यायचं. महिला जवानांना पुरुषांच्या मापाचं लहान जॅकेट देऊन भागत नाही. छातीवर ते उचललं जातं आणि काखेजवळ उघडं पडतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे कॅरिअर (पॅनेल ज्यात घालतात ते बाहेरचं कापडी जॅकेट) धुतल्यावर पॅनेल उलटं घालणं. अंगाची बाजू लेबलवर लिहिलेली असते. पर्यवेक्षकाने झिप उघडून लेबल वाचायचं. तिथेच अनुक्रमांक, संरक्षण पातळी आणि उत्पादनाची तारीख नोंदवहीशी जुळवून घ्यायची. वॉरंटी साधारण ५ वर्षांची असते, म्हणून संपायच्या सहा महिने आधी बदलीची मागणी गेलेली असावी. धुवायचं ते फक्त कॅरिअर. पॅनेल ओल्या फडक्याने पुसून सावलीत आडवं ठेवून वाळवायचं. ब्लीच, इस्त्री, ऊन, बंद गाडीची डिकी, बारीक हँगर यांपैकी काहीही नको.

प्लेटच्या बाबतीत एक गोष्ट जिवावर बेतू शकते. काही प्लेट स्वतंत्रपणे चालतात, काही फक्त मागे मऊ पॅनेल असेल तरच त्यांच्या पातळीचं संरक्षण देतात. दोन्ही दिसायला सारख्या. दुसऱ्या प्रकारची प्लेट रिकाम्या कॅरिअरमध्ये घातली तर लेबलवरची पातळी मिळत नाही. तुकडीत दोन्ही प्रकार असतील तर वाटपाच्या यादीत वेगळा रकाना ठेवा. सिरॅमिक प्लेट पडली तर वरचं कापड शाबूत दिसतं आणि आत तडा असतो. दोन्ही हातांनी हलकेच पिळून कानाजवळ धरा. आतून करकर आली किंवा खडे हलल्यासारखं वाटलं तर प्लेट बाजूला काढा आणि एक्स-रे करून घ्या. आवाज आला नाही म्हणजे तडा नाही, असं मात्र धरू नका.

मऊ जॅकेट रायफलच्या गोळीसाठी नसतं आणि गोळी अडवणारं प्रत्येक जॅकेट सुरा अडवेलच असंही नाही. सुऱ्यासाठी वेगळी चाचणी आणि वेगळं लेबल असतं. तुरुंगातल्या ड्यूटीवर पाठवताना हे लेबल आधी बघा.

गोळी लागून जॅकेटने अडवली तरी माणसाला रुग्णालयात पाठवायचंच, तो 'काही झालं नाही' म्हणाला तरी. अडलेल्या गोळीमुळे जॅकेटच्या आतून अंगाला बसलेल्या धक्क्याने बरगडी, फुप्फुस किंवा हृदयाला इजा झालेली असू शकते आणि ती लगेच दिसत नाही. जॅकेट मुद्देमाल म्हणून सील करायचं, त्याला पुन्हा वापरात आणायचं नाही. ओलं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वाळवून कागदी वेष्टनात ठेवा.

यातलं खरं अवघड काम मात्र साहित्याचं नाही, माणसांचं आहे. उकाड्यात माणसं जॅकेट काढतात. नुसता हुकूम काढून ती घालत नाहीत. पर्यवेक्षकाने स्वतः घालायचं, पाणी आणि आळीपाळीने विश्रांती यांची सोय करायची, न घातलेलं दिसलं की त्याच पाळीत बाजूला घेऊन सांगायचं आणि नोंद करायची. पुढच्या आठवड्यावर ढकललं की तो नियम उरत नाही.

ताणाबाणा

आभार. २१ थरांचं गणित कागदावर करून पाहिलं, बरोबर जुळतं. आणखी दोन शंका. चाचणी प्रयोगशाळेत पदविकेवर काम मिळण्यासारखं असतं का आणि तिथे काय करतात? आणि पोलीस बाजूचा अनुभव कारखान्यात कुठे उपयोगी पडतो?

चिकणमाती

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून पदविकेवर शिरता येतं. गोळी झाडणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. दिवस जातो तो मातीत. पॅनेलच्या मागे तेलमिश्रित चिकणमातीची पेटी असते आणि गोळी अडल्यावर मातीत किती खोल खड्डा पडला ते मोजतात. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या सरकारी संस्थेच्या मानकात ही मर्यादा ४४ मिलिमीटर आहे.

माती योग्य आहे का हे ठरवायला सुमारे १ किलो वजनाचा, ६३.५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा २ मीटरवरून सोडतात. त्या मानकाच्या ०१०१.०६ या आवृत्तीत पाच खड्ड्यांची सरासरी १९ मिलिमीटर, २ मिलिमीटर इकडे-तिकडे, अशी लागते. माती थंड झाली की कडक होते, खड्डा उथळ पडतो आणि नापास व्हायचं पॅनेल पास दिसतं. चूक सुरक्षित बाजूला झुकत नाही, म्हणून ती जास्त वाईट. माती ठरलेल्या तापमानाला ठेवणाऱ्या कपाटातून पेटी कधी काढली, मारा कधी सुरू झाला आणि शेवटी गोळा पुन्हा सोडून काय आकडे आले, हे लिहिलेलं नसेल तर त्या अहवालावर सही करू नये. गोळीच्या वेगाचंही तसंच. ठरलेल्या वेगापेक्षा ९.१ मीटर प्रति सेकंदाहून जास्त फरक पडला तर तो मारा धरायचा की नाही, याचे नियम आधी पाठ हवेत.

नव्या पॅनेलसोबत झिजवलेली पॅनेलही तपासतात: ६५ अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता, फिरत्या पिंपात १० दिवस, ७२,००० फेरे. हे का करतात ते झायलॉन या कृत्रिम तंतूच्या प्रकरणावरून कळतं. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्स इथे एका पोलीस अधिकाऱ्याच्या झायलॉनच्या जॅकेटमधून गोळी आरपार गेली. ते जॅकेट ज्या गोळीसाठी प्रमाणित होतं तीच ही गोळी. तो तंतू ओल आणि उजेडाने कमजोर होतो. २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांचं प्रमाणन काढून घेतलं.

संरक्षण पातळ्यांची नावंही बदलली आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनआयजेची ०१०१.०७ आणि ०१२३.०० ही मानकं आली. पिस्तुलाच्या गोळीसाठी जुनी पातळी दोन म्हणजे आता एचजी१, जुनी पातळी तीन-ए म्हणजे एचजी२. रायफलसाठी आरएफ१, आरएफ२, आरएफ३. जुन्या आणि नव्या लेबलांचा माल काही वर्षं शेजारी-शेजारी दिसेल, दोन्ही वाचता आली पाहिजेत.

तब्येतीची एक गोष्ट: रेंजवर शिशाची धूळ असते. वायुवीजन, खाण्यापूर्वी हात धुणं, कामाचे कपडे घरी न नेणं आणि ठरावीक काळाने रक्तातलं शिसं तपासणं, हे मालक देत नसेल तर ती जागा घेऊ नका.

हजेरीवही

दुसऱ्या शंकेबद्दल. पोलीस बाजूचा अनुभव दोन ठिकाणी थेट लागतो. एक म्हणजे मापं घेणं आणि फिटिंग शिकवणं. कारखान्यांना असा माणूस लागतो जो जवानाला बसवून, वाकवून, गाडीत चढायला लावून माप घेईल. दुसरं म्हणजे खरेदी समितीच्या बाजूने चाचणी अहवाल वाचणं. अहवालातलं मॉडेलचं नाव आणि आलेल्या मालाच्या लेबलवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त आहे का, चाचणी कोणत्या आकारांवर झाली, हे तीन प्रश्न विचारणारा माणूस दोन्हीकडे हवा असतो. मॉडेलच्या नावाच्या शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलं तर आतले थर वेगळे असू शकतात.

थरमोज्या

ताणाबाणा, कारखान्याच्या मुलाखतीला जात असाल तर जीएसएम कटर, व्हर्नियर आणि सुताच्या ताणशक्तीची चाचणी हाताने करून जा. तिथे गेल्यावर त्यांना एक पूर्ण भरलेलं लॉट कार्ड दाखवायला सांगा. सीलबंद पॅनेलच्या अनुक्रमांकावरून मागे जात रोल नंबर, थर मोजणाऱ्या दोघांच्या सह्या आणि कापल्याची तारीख पाच मिनिटांत सापडली, तर शिकायला ती जागा चांगली.